शाळेचा भात आणि माझं रक्त

धुतलेले तांदूळ आप्पांनी पायानं ढकलले. हातानं नाही, पायानं. पातेलं कलंडलं आणि तांदूळ किचन शेडच्या उंबऱ्यावरून खाली मातीत गेले.

"आज गॅस पेटवू नको," ते म्हणाले. "आजच न्हाई, आता पेटवूच नको."

आप्पा म्हणजे आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. गावातली सगळ्यात जास्त जमीन त्यांची. मी त्या शाळेत पोरांचं जेवण शिजवणारी बाई. पिंगळी स्टेशनावरून चालत गेलं की आमचं गाव येतं. एप्रिलची सकाळची शाळा होती. पोरं वर्गाच्या खिडकीतून बघत होती.

"काय झालं आप्पा?"

"काय झालं ते तुझ्या रक्ताला इचार. रोग घेऊन लेकरायला शिजवायलीस. लाज न्हाई वाटत? तपासून घे, रिपोर्ट आण, मग बघू."

कसला रोग? मला काहीच माहीत नव्हतं. माझ्या रोगाची बातमी माझ्याआधी गावाला कळली होती.

मी खाली बसून तांदूळ गोळा करायला लागले. का, ते आजही सांगता येत नाही. अन्न सांडलं की बाईचा हात आपोआप खाली जातो.

"ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. "कोंबड्या खातील."

कोंबड्यांना माझ्या हातचे चालत होते. मैनाकाकू बाजूला मटकी निवडत होत्या. त्या माझ्याबरोबर शिजवायच्या, आप्पांच्या भावकीतल्या. त्यांनी मान वर केली नाही. मी हात पुसले आणि घरी आले.

हे कसं झालं ते सांगते. जयंतीला आमच्या वस्तीतल्या पोरांनी रक्तदान शिबिर ठेवलं होतं. विहारासमोर मांडव, पांढऱ्या चादरी टाकलेल्या खाटा. वस्तीतल्या बायका हौसेनं रांगेत उभ्या राहिल्या आणि एकेक करून परत आल्या. बोटाला टोचून बघायचे आणि सांगायचे, अंगात रक्त कमी आहे, तुमचं चालणार नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात कापूस वेचलेल्या बायका त्या. कुठून येणार रक्त? माझं मात्र भरलं. मी खाटेवर आडवी झाले, मूठ उघड-मीट केली, पिशवी भरताना बघितली. बाबासाहेबांच्या नावानं आपण काहीतरी दिलं. इतका आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता.

नाव लिहून घेणाऱ्यानं फोन नंबर विचारला. माझा मोबाईल तेव्हा बंद पडलेला. मी मुख्याध्यापक सरांचा नंबर सांगितला. माझ्या कामाच्या प्रत्येक कागदावर तोच नंबर असायचा, मला पाठ होता. शहाण्या माणसानं असं केलं नसतं. पण आमच्यासारख्याला सरांचा नंबर म्हणजे आधार वाटतो.

रक्तपेढीचा फोन सरांना आला. तुमच्या बाईंच्या रक्तात काहीतरी निघालं आहे, त्यांना भेटायला पाठवा, एवढंच ते बोलले. सरांनी मला सांगितलं नाही. आप्पांना सांगितलं. आप्पांनी पारावर सांगितलं. पारावर त्याचा एड्स झाला. फिरत फिरत ते त्याच संध्याकाळी माझ्यापर्यंत आलं.

मला कामावर घेतलं तेव्हा वरच्या आळीतल्या घरांनी पोरांना डबे द्यायला सुरुवात केली होती. कुणी उघड बोललं नाही. नुसते डबे यायला लागले. मग पोरांनाच माझ्या हातची उसळ आवडली आणि डबे बंद झाले. मला वाटलं, संपलं. संपलं नव्हतं. दबा धरून बसलं होतं. आता त्याला रोगाचं निमित्त मिळालं.

दुसऱ्या दिवशी पिंगळीहून पॅसेंजर धरली आणि परभणीच्या एका सरकारी दवाखान्यात गेले. खोलीत टेबल, टेबलामागं एक तरुण डॉक्टर, आणि माझ्यामागं भिंतीपर्यंत माणसं. रक्तदानात काहीतरी निघालंय एवढं मी सांगितलं, आणि त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं.

"नवरा काय करतो?"

"पूर्णेला हायेत. रेल्वेच्या कंत्राटदाराकडं."

"म्हणजे घरी नसतो. मग? आणखी कुणाशी संबंध?"

मागची माणसं गप्प झाली. ऐकायला गप्प झाली. मी नाही म्हणून मान हलवली. लग्न झाल्यापासून दुसऱ्या पुरुषाकडं मान वर करून न बघितलेली मी. पण त्या खोलीत मी कोण, ते ठरून गेलं होतं.

रक्त घ्यायला हात पुढं केला. माझ्या हातावर 'जय भीम' गोंदलेलं आहे. पोरवयात पूर्णेला मेळ्यात आईनं गोंदवून दिलेलं. डॉक्टरनं ते पेनानं दाखवलं.

"हे बघा. एकाच सुईनं शंभर जणांना गोंदतात. तुम्हा लोकांना कोण सांगतं हे असलं करायला? आता भोगा."

मी पदर ओढून हात झाकला. आईनं गोंदवलेलं नाव मी झाकलं. त्या दिवशी मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर हेच. दुसऱ्यानं केलेला अपमान एक वेळ सोसतो माणूस. मी माझ्या हातानं केला.

कुठून आला हा रोग? मला ठाऊक नाही. गोंदणातून असेल. धाकट्याच्या बाळंतपणात रक्त चढवलं होतं, त्यातून असेल. नाहीतर कंपाउंडरच्या सुईतून. आमच्या गावात एक कंपाउंडर यायचा. कापूस वेचणीच्या हंगामात बायका त्याच्याकडून ताकदीची सुई घ्यायच्या, म्हणजे अंग दुखलं तरी दुसऱ्या दिवशी रानात जाता यावं. वस्तीतल्या बायका आणि वरच्या आळीतल्या गरीब बायका, सगळ्या त्याच्याच रांगेत. सुई एकच. गरम पाण्यात बुडवायची, पुढचा दंड.

दवाखान्यात एक समुपदेशक ताई होत्या. त्या दिवशी माझ्याशी माणसासारखं बोलल्या त्या एकट्याच. टेस्ट झाल्यावर रोगाचं नाव त्यांनी सांगितलं. हिपॅटायटिस सी. लिव्हरचा रोग. "रक्तातून रक्तात जातो," त्या म्हणाल्या. "शिवल्यानं जात नाही, जेवणातून जात नाही, एका ताटात खाल्लं तरी जात नाही. पहिली टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे तो कधीतरी अंगात शिरला होता एवढंच कळतं. आता आहे का, हे दुसऱ्या टेस्टनं कळेल. असला तरी गोळ्या आहेत, फुकट मिळतात. बहुतेकांचा पूर्ण बरा होतो."

दुसऱ्या टेस्टसाठी पुन्हा रक्त दिलं. रिपोर्ट यायला वेळ लागेल म्हणाले. तोवर शाळेला सुट्टी लागली.

तो उन्हाळा मी कसा काढला ते माझं मला माहीत. वस्तीतसुद्धा बायका माझ्याशी लांबून बोलायला लागल्या. जाऊ तिच्या लेकराला माझ्या मांडीवरून उचलून न्यायची. नवरा पूर्णेहून आला, एक दिवस राहिला, माझ्याकडं न बघता गेला. त्याला पण कुणीतरी काहीतरी सांगितलं असणार. जगावं असं वाटेना. भाकरी थापायला बसले की वाटायचं, या हाताचं काय करू? ताई एवढं समजावून बोलल्या होत्या, पण ते सगळं डोक्यात होतं. अंगात भीती होती.

मग मी माझं ताट वेगळं केलं. तांब्या वेगळा. अंथरूण ओसरीवर. कुणी सांगितलं नव्हतं.

सासू बघत होती. म्हातारीला नीट दिसत नाही, पण तेवढं दिसलं. एक दिवस जेवताना म्हणाली, "हे काय करायलीस?"

"आत्याबाई, रोग हाय मला."

"त्या दवाखान्यातल्या ताईनं ताट येगळं करायला सांगितलं का?"

"न्हाई."

"मंग कुणी सांगितलं? आप्पानं?"

ती सरकत सरकत माझ्याजवळ आली. "मी ल्हान असताना वरच्या आळीत वरून पाणी वतायचे माझ्या वंजळीत. धर्म बदलला तवा माझ्या बापानं सांगितलं, आता असं पाणी प्यायचं न्हाई. म्या पिले न्हाई. अन् तू माझ्याच घरात ते परत आणायलीस?" तिनं माझ्या ताटातली भाकरी मोडली, माझ्याच कालवणात बुडवली आणि खाल्ली. "उचल ते अंथरूण. आत घे."

मी खूप रडले. रडून झाल्यावर जे उरलं ते दुःख नव्हतं. राग होता. स्वतःचा आधी. आप्पांनी मला एका सकाळी वाळीत टाकलं होतं. पुढचं सगळं काम मी त्यांच्यासाठी फुकट करत होते.

जूनच्या सुरुवातीला रिपोर्ट आला. विषाणू रक्तात आहे. खोटं निघावं म्हणून मी किती आस लावली होती. खरं निघालं. ते तसंच घेऊन मी सरांच्या ऑफिसात गेले. आप्पा बसले होते, मैनाकाकूंनाही बोलावलं होतं. मी सांगितलं, रोग आहे, गोळ्या सुरू होतील, जेवणातून पसरत नाही, दवाखान्यात विचारा. कामावर येऊ द्या.

सर टेबलाकडं बघत म्हणाले, "बाई, तुमच्या भल्यासाठीच सांगतो. स्वखुशीनं काम सोडते असं लिहून द्या. बोभाटा नको."

"मी जातीचं बोलायलोय का?" आप्पा म्हणाले. "आपल्यात तसलं काही न्हाई. रोगाचं बोलायलोय. अन् उपाशी मरू देणार न्हाई आमी तुला. शाळेचे संडास झाडायला बाई पाहिजेच हाय. ते कर."

त्यांना वाटलं, आपण उपकार केले. चेहऱ्यावर तसं दिसत होतं.

आवाज चढला नाही माझा.

"आप्पा, माझ्या रक्तानं भात बाटतो, अन् संडास बाटत न्हाई? पोरं तिथंबी जातेतच की."

आप्पांनी सरांकडं बघितलं.

"अन् तपासायचं तर दोघींचं तपासा. काकूंच्या हातावर तुळस गोंदलेली हाय. माझ्या म्होरं रांगेत उभं राहून त्यांनी त्याच कंपाउंडरची सुई घेतलीय. त्यांना कुणी रिपोर्ट मागितला का?"

मैनाकाकूंचा चेहरा उतरला. रागानं नाही, भीतीनं. त्यांनी पदर हातावर ओढला. मला त्यांची कीव आली. त्यांनाही रोग असेल तर त्यांना कळायला हवं, गोळ्या मिळायला हव्यात. पण त्या तपासून घेणार नाहीत. माझं काय झालं ते त्यांनी बघितलंय.

"लय बोलायलीस," आप्पा म्हणाले.

"आजवर बोलले न्हाई म्हणून तुमाला लय वाटायलंय," मी म्हणाले आणि कागदावर सही न करता उठले.

गोळ्या सुरू झाल्या आहेत. मळमळतं, डोकं दुखतं. बरी होईन का, डॉक्टर म्हणतात होशील. नवरा अजून आलेला नाही. वस्तीतल्या बायकांना मी घरोघर जाऊन सांगते आहे, चला, तपासून घ्या. काही दार लावून घेतात. मी परत जाते. तालुक्याच्या ऑफिसात साहेबांना भेटले, ते म्हणाले सामंजस्यानं घ्या. सामंजस्य म्हणजे मी घरी बसायचं.

मी काम सोडलेलं नाही. मला कुणी लेखी काढलेलं नाही. तसं काढायला कारण लिहावं लागतं, आणि खरं कारण लिहायची कुणाची छाती नाही.

उद्या शाळा उघडते आहे. आप्पांनी त्यांच्या पुतण्याच्या बायकोला शिजवायला सांगितलंय म्हणे. सांगू द्या. पोरं येण्याआधी मी किचन शेडमध्ये असेन. तांदूळ धुवेन, गॅस पेटवेन, बाह्या वर सारून, हातावरचं नाव उघडं ठेवून. कुणी बाहेर हो म्हटलं तर होणार नाही. शिव्या दिल्या तर ऐकून घेईन आणि भात ढवळत राहीन.

मला तिथून काढायचंच असेल, तर त्यांना मला हात लावावा लागेल.