पंपिंग छान आहे

नव्वदीच्या सुरुवातीला ठाण्यात टू-डी इकोचं मशीन असणं म्हणजे मोठी मिजास होती. माझ्याकडे मशीन होतं आणि मिजासही होती, खोटं कशाला बोलू!

मे संपता संपता खाडीकाठचा एक कोळी आला. चाळिशीचा, सोबत थोरला भाऊ. जिना चढताना दम लागतो, एवढीच तक्रार. ईसीजीत खास काही नव्हतं. छातीला जेल लावून प्रोब टेकवला आणि पडद्याकडे बघतच राहिले. हृदयातून निघणारी महाधमनी मुळाशी फुगली होती, सायकलच्या ट्यूबला फुगा येतो तशी. जोर लावला की फाटणार.

"बाई, हार्ट कसंय?" त्यानं विचारलं.

"पंपिंग छान आहे," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते.

वाईट बातमी पेशंटला सांगायची नाही, घरच्या मोठ्या माणसाला बाजूला घेऊन सांगायची, हीच तेव्हा आमची रीत. थोरल्याला जिन्यात गाठून सगळं सांगितलं. मुंबईला मोठं ऑपरेशन करावं लागेल, तोवर काही उचलायचं नाही, ओढायचं नाही. तो रडवेला झाला.

"त्याला नका सांगू बाई, हाय खाईल. मी बघतो त्याचं."

मी मान डोलावली. बाहेर अजून सहा पेशंट ताटकळत होते ना! शहाणी मी!

दोन आठवड्यांनी थोरला एकटाच आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

पावसाच्या तोंडावर होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात, सगळी आळी दोराला लागते. थोरला धाकट्याला म्हणाला, तू बस. का बसू, तर थोरल्याला कारण सांगता येईना. "बाईंनी हार्ट चांगलं सांगितलंय," म्हणत धाकट्यानं दोर खांद्यावर घेतला. होडी वर आली आणि तो तिथंच कोसळला. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

मला स्वतःची भयंकर चीड आली. अजून येते.

थोरल्यानं मशीनकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाई, मी त्याला खरं सांगितलं असतं, तर वाचला असता का?"

"नाही हो," मी म्हणाले. "काही फरक पडला नसता."

त्यानं डोळे पुसले, मला हात जोडले आणि जिना उतरून गेला.