साहेबांना सोडून सलाम

समस्त कराडकरांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या गच्चीवरून चंद्राच्या दिशेनं तीन उड्या मारणारे मास्तर आता गावात राहत नाहीत.

मास्तर कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. महिन्यातून एकदा, चंद्र वाढीला लागला की शनिवारी सांजेला ते गच्चीवर येत. हिब्रूत प्रार्थना म्हणत, टाचा उचलून तीनदा उडत, आणि आम्हाला कळावं म्हणून मराठीत ठणकावत, "मला जसं तुला शिवता येत नाही, तसं माझ्या वैऱ्याला मला शिवता न येवो! त्याला धडकी भरो!"

मग हजर असलेल्या प्रत्येकाकडे वळून तीनदा "शालोम अलेखेम", म्हणजे तुम्हाला शांती लाभो. आत्ताचा शाप तुम्हाला नव्हता, हे सांगायला. तळमजल्यावरचे अत्तरवाले चाचा झोकात "वालेकुम अस्सलाम" म्हणत. मी हात जोडी.

वगळत ते फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या साहेबांना.

दोघं एकाच वर्कशॉपात बरोबरीचे प्रमुख होते. एकदा मास्तरांनी भाबडेपणानं मालकांना विचारलं, "एका खात्याला दोन प्रमुख कसे चालायचे?" शेजारी उभे साहेब चटकन म्हणाले, "खरं हाय. मग ह्यांनाच सहायक करा की." निवृत्त होईपर्यंत मास्तर सहायकच राहिले.

"आमच्याकडं असंच झालेलं," मास्तर सांगत. "सूर्य-चंद्र सारखेच मोठे होते. चंद्रानं विचारलं, दोन राजांना एक मुकुट कसा पुरणार? देव म्हणाला, बरोबर, मग तूच लहान हो. पण पुढं देवाला ते टोचलं. मी चंद्राला लहान केलं, माझ्यासाठी प्रायश्चित्त करा, असं खुद्द देव म्हणाला. देव चूक कबूल करतो, आणि हा दुसऱ्या मजल्यावरचा करत न्हाई!"

आपल्याला सलाम नाही, म्हणजे शाप आपल्यालाच, यावर साहेब आधी हसले. मग त्यांचा गुडघा धरला. पुढच्या महिन्यात दाढ. त्याच्या पुढच्या महिन्यात नवी गाडी पार्किंगच्या खांबाला घासली. तेव्हापासून साहेब न चुकता गच्चीवर हजर! कधी चाचांना खेटून, कधी माझ्या पुढ्यात. मास्तर टेबलफॅनसारखे सगळ्यांवरून फिरत, आणि साहेबांपाशी आले की नेमकी वीज जाई. खोटं कशाला बोलू, मी ते बघायलाच जात असे.

"आवं, माझ्याकडं बी बघा की," साहेब कुजबुजत.

मास्तर चंद्राकडे बघत.

गेल्या महिन्यात मास्तर लेकीकडे ठाण्याला कायमचे निघाले. गाडीत सामान चढलं. तेवढ्यात साहेब लंगडत, एका पायात चप्पल घालून जिन्यावरून आले. गल्ली बघत होती.

"मास्तर, चुकलं माझं!"

"ऐकू नाही आलं."

"चुकलं!"

"चाचांना ऐकू गेलं नसेल."

"अहो, चुकलं, चुकलं! तुमची खुर्ची मी खाल्ली!"

मास्तरांचे डोळे भरले. चष्मा काढून त्यांनी तो सावकाश पुसला. मला वाटलं, आता मिठी मारणार.

"देवानंसुद्धा कबूल केलं," ते म्हणाले, "पण चंद्र अजून लहानच आहे ना, साहेब?"

आणि गाडीत बसून दार लावून घेतलं. जाता जाता काचेतून चाचांना सलाम, मला सलाम. गाडी वळली तशी साहेब भर रस्त्यात ओरडले,

"आवं, निदान एक तरी सलाम टाकून जावा की वो!"