नोर्माची गाडी, अल्फेओचा हात

इटलीतल्या व्हिन्योलाच्या बाजारात नोर्मा येताना दिसली, की मासेवाला घाईघाईनं भाव चढवून ठेवायचा. ती तो उतरवल्याशिवाय जाणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कोटाच्या खिशांत दोन्ही हात खुपसून ती उभी राहायची आणि माशाकडे अशी बघायची, की तो हिच्याच धाकानं मेला असावा. त्या मुलखात हात हलवल्याशिवाय कुणाला बोलता येत नाही. त्यामुळे खिशात हात घालून भाव करणाऱ्या बाईपुढे भलेभले गडबडून जात.

उभा जन्म तिनं एका खानावळीत पीठ लाटण्यात आणि मांसाच्या सारणाच्या इवल्याशा पुरचुंड्या वळण्यात घालवला. स्वयंपाकघर अर्धं जमिनीखाली, खिडकीतून दिसायची ती फक्त रस्त्यावरची चाकं. वेगवान गाड्या त्याच खोऱ्यात बनतात आणि चाचणीला त्याच वळणावरून जातात. गाडीत कोण बसलंय हे नोर्माला कधी दिसलं नाही, पण नुसत्या आवाजावरून गाडी ओळखायला मात्र ती शिकली. काम सोडलं त्या दिवशी तिनं घरी जाहीर केलं, "चाकं पुष्कळ बघितली. आता मी चाकांच्या वर बसणार, उघड्या गाडीत."

"या वयात? वाऱ्यावर केस उडवत?" नवरा अल्फेओ म्हणाला. त्याची चेरीची बाग होती, आणि डोक्यावर पूर्ण टक्कल.

"मला केस आहेत म्हणून उडतील. तू का जळतोस?"

"मी कशाला जळतोय? जा, कुठं जायचं तिकडे जा!" असं म्हणून तो तरातरा बागेत निघून गेला. त्या दिवसापासून गाडीचं नाव निघालं की त्याचं तोंड कडू व्हायचं.

तरीही जेतुल्यो न्हाव्यानं आपली जुनी लाल, उघड्या टपाची स्पायडर गाडी विकायला काढली, तेव्हा रविवारी सकाळी अल्फेओ बरोबर आलाच. "तुला कुणी फसवू नये म्हणून," असं म्हणाला. नोर्माला कुणी फसवेल ही कल्पनाच इतकी मजेशीर होती, की तिनं त्याला येऊ दिलं.

दलाल म्हणून ओरेस्तेला बोलावलं होतं. या ओरेस्तेनं आयुष्यभर चीजच्या मोठमोठ्या चाकांवर छोटी हातोडी मारून कुठलं चाक आतून पोकळ आहे ते सांगितलं. त्याचा बाप गुरांच्या बाजारात दलाल. निवृत्तीनंतर ओरेस्तेनं दोन्ही विद्या एकत्र केल्या आणि तो जुन्या गाड्यांचे सौदे जुळवू लागला.

गाडी जेतुल्योच्या अंगणात उन्हात चमकत होती. नोर्मानं चेहरा मात्र शिळ्या माशासमोर ठेवायची तसाच ठेवला. एक हात क्षणभर खिशातून काढून तिनं इंजिनाच्या झाकणावर ठेवला आणि परत आत घातला.

"गरम आहे," ती म्हणाली. "आम्ही यायच्या आधीच तापवून ठेवलीत वाटतं. थंड असताना सुरू व्हायला रुसते का?"

"छे हो, बाई! सहज एक फेरी मारून आलो," जेतुल्यो म्हणाला आणि अल्फेओकडे वळला. "साहेब, अठरा हजार युरो. तुम्ही पुरुष माणूस, तुम्हाला कळेल."

"मला काहीही कळत नाही," अल्फेओ प्रामाणिकपणे म्हणाला.

ओरेस्ते हातोडी घेऊन गाडीभोवती फिरू लागला. टणटण, टणटण. चालकाच्या दाराखाली आवाज एकदम बसला. थप्प.

"पुट्टी. गंजलेलं भोक बुजवलंय," ओरेस्ते म्हणाला.

"एवढीशी! अंगठ्याएवढी!" जेतुल्योचे दोन्ही हात आभाळाकडे गेले.

"चौदा," खिशात हात ठेवून नोर्मा म्हणाली.

"चौदात मी तुमचे केसही कापणार नाही! साडेसतरा."

"सुरू करा." गाडी सुरू झाली. नोर्मानं डोळे मिटले आणि तिला आपली ती खिडकी आठवली. हाच तो आवाज, ऐकला की हातातली पुरचुंडी अर्धवट सोडून ती मान वर करायची. तिला नाचावंसं वाटत होतं. "टपाचं कापड फाटायला आलंय," ती कोरडेपणानं म्हणाली. "पंधरा."

"सोळा! आणि ते माझ्या छातीवर दगड ठेवून!"

ओरेस्तेला याच क्षणाची वाट होती. त्याच्या बापाची रीत अशी: भाव जवळ आला, की दलालानं दोघांचे हात ओढून एकमेकांत द्यायचे आणि वरून आपल्या हातानं थाप मारायची. थाप पडली की सौदा झाला. तो मोडणाऱ्याबरोबर त्या खोऱ्यात कुणी घोटभर वाइनही घेत नाही.

"साडेपंधरा!" ओरेस्ते गरजला. डाव्या हातानं त्यानं जेतुल्योचा हात धरला आणि उजव्या हातानं घेणाऱ्याचा हात शोधला. पण नोर्माचे हात खिशात! तेवढ्यात अल्फेओ हवेत हात उडवत म्हणत होता, "अरे, साडेपंधरा हजार म्हणजे काय..." ओरेस्तेच्या बोटांना तो हात लागला. त्यानं तो ओढला, जेतुल्योच्या पंजात कोंबला आणि वरून थाप मारली.

"झालं!"

मग नोर्माचे दोन्ही हात खिशांतून एकदम बाहेर आले आणि इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं हवेत बोलू लागले. "अरे गाढवा! घेणारी मी आहे! पैसे माझे! पुरचुंड्या मी वळल्या, त्यानं नाही!"

"ज्याचा हात त्याची गाडी," जेतुल्यो म्हणाला. हसू दाबता दाबता त्याच्या मिशा थरथरत होत्या.

"रीत बघितली तर तसंच आहे," ओरेस्ते शरमून पुटपुटला. "चूक माझी. पण थाप पडली."

"मी घेतली?" अल्फेओनं आपल्या हाताकडे बघितलं. मग तो हळूच दार उघडून गाडीत बसला. स्टिअरिंग धरलं, आरसा नीट केला. त्याच्या तोंडावर असं हसू पसरलं, की नोर्मा दाराशी धावली. हा आता सोडत नाही!

"अल्फेओ, उतर."

"थांब जरा. माझी गाडी बघतोय."

"ठीक आहे. मला विक. किती घेशील?"

जेतुल्यो आणि ओरेस्ते पोट धरून हसत होते. अल्फेओ मात्र हसायचा थांबला होता. शेजारच्या आसनावर हात ठेवून तो म्हणाला, "दोनच माणसं मावतात हिच्यात. तू म्हणालीस, मी बसणार, मी जाणार. दुसऱ्या जागेचं काहीच बोलली नाहीस. मी काही विचारलं नाही."

दुसऱ्या जागेचा विचारच तिनं केला नव्हता, हे खरं होतं, आणि त्याची तिला लाज वाटली.

"रविवारी तू बस शेजारी," ती म्हणाली.

"रविवार आणि गुरुवार."

"गुरुवारी बाजार असतो."

"मग पिशव्या कोण धरणार?"

"चालेल. पण मी चालवताना एक शब्द बोलायचा नाही."

"हे परवडत नाही," अल्फेओ म्हणाला. "वळणावर ओरडायची मुभा हवी."

"दिली. सरक."

गिअरच्या दांड्यावर गुडघा आपटत, कण्हत तो पलीकडे सरकला. नोर्मा बसली. तिनं चावी फिरवली, आणि गाडी इतक्या जोरात गरजली, की जेतुल्योच्या कोंबड्या कुंपणावर चढल्या.

"बोल, कुठं जायचं?" तिनं आवाज चढवून विचारलं.

"रिमिनीला, समुद्रावर," अल्फेओ म्हणाला, आणि इतक्या पटकन म्हणाला, की हे त्यानं कितीतरी दिवसांपूर्वीच ठरवून ठेवलेलं असणार.