पुसातली पिलं

काल खुडूक कोंबडीसाठी टोपलीत भाताचं तणीस अंथरताना जो वास आला, त्याने मला थेट सानगडीच्या आमच्या आंगणात नेलं.

तेव्हाही पुसाची थंडी होती. आमची काबरी कोंबडी खुडूक झाली, अंड्यांवरून उठेना, तशी शेजारची काकू म्हणाली, "पान्यात बुचकळून उठव तिले. हिवात पिलं जगत नाही."

"तिले बसाचं हाय तं बसू दे," माय म्हणाली आणि अंडी मांडून टोपली चुलीमागे सरकवली.

पिलं निघाल्यावर एका सकाळी काकू आली. काबरी उन्हात एकटीच पंख फुगवून बसलेली दिसली.

"मेली ना सारी?"

मायने मूठभर तांदळाची कनकी टाकली. काबरीने मान ताठ करून हळूच आवाज दिला आणि तिच्या पंखांखालून, छातीखालून पिवळी डोकी निघतच राहिली.

काकूने वाकून पिलं मोजली. मग म्हणाली, "माही बी खुडूक झाली हाय. तुह्या चुलीमागं आणून ठेवू का?"

तेव्हा मला वाटलं, रुबाब कोंबडीचा आहे. आज डोळ्यांपुढे येते ती काबरीमागे तशीच मान ताठ करून उभी असलेली माय.

"आण," ती म्हणाली. "पण मधात उठवाची नाही."