खुंटीवरची गोणी

मला एका जागी बसता येत नाही, ही माझ्या घरातली जुनी तक्रार. जेवता जेवता मी पाणी आणायला उठतो, तांब्या समोर भरलेला असला तरी. बायको म्हणते, "अहो, बसा की दोन घास." मी बसतो आणि पुन्हा उठतो. याचं कारण एका दिवसात आहे असं म्हणणं खोटं होईल, स्वभावच तसा असेल. पण एक दिवस असा आहे की तो आठवला की मी उठतोच. त्याबद्दल मी घरात कुणाशी बोललेलो नाही. आता लिहून टाकतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही अंबरनाथला राहायचो, वडील एका रंगाच्या कारखान्यात ऑफिसर होते. मी उल्हासनगरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होतो. कॉलेजकडे जाताना एक नाला लागायचा, त्याचं पाणी रोज वेगळ्या रंगाचं. कधी जांभळं, कधी विटकरी. आमचे सर वर्गात शिरले की खिडकीतून बाहेर बघायचे आणि मला विचारायचे, "काय रे, आज वडिलांनी कुठला रंग सोडलाय?" वर्ग हसायचा. त्या पाण्यात वडिलांच्या कारखान्याचं पाणी होतं की नाही, मला आजही माहीत नाही. तेव्हा मात्र मी मान खाली घालून हसणाऱ्यांबरोबर हसायचो. मुलांनी माझं नावच 'केमिकल' पाडलं होतं.

हे नाव पुसायचं म्हणून मी सरांच्या आवडीचं सगळं वाचायला लागलो. कंपोस्ट, गांडुळं, जमिनीतले जिवाणू. हळूहळू सरांनी रंगाचं विचारायचं सोडलं. उलट म्हणायचे, "याच्याकडून शिका जरा." मला ते फार हवं होतं. किती हवं होतं ते पुढे कळेलच.

वांगणीला सरांचे एक मित्र शेती करायचे. दोघं कॉलेजात एकत्र होते. मित्राने कारखान्यातली चांगली नोकरी सोडून वडिलोपार्जित भातजमीन कसायला घेतली होती आणि विकतचं खत टाकायचं नाही असं ठरवलं होतं. सेंद्रिय वगैरे शब्द तेव्हा आमच्या तोंडात नव्हता. सर 'बिनखताची शेती' म्हणायचे, आणि मित्र प्रत्येक वेळी दुरुस्त करायचे, "खत आहे रे बाबा. दुकानातलं नाही, एवढंच."

भात कमी यायचं. म्हणून त्याची किंमत ओळखून चार पैसे जास्त देणारी माणसं हवीत. ती सरांनी मिळवून दिली होती. सर बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायचे. आजूबाजूची मास्तर मंडळी, बँकेतले, मुंबईला ऑफिसात जाणारे, अशी बरीच घरं वर्षाचा तांदूळ सरांच्या मित्राकडून घ्यायची. त्या तांदळात काय आहे न् काय नाही, याला पुरावा एकच, सरांचा शब्द. तेवढ्यावर ती शेती उभी होती.

जुलैमध्ये लावणीच्या वेळी सरांनी आम्हा विद्यार्थ्यांना तिथे न्यायचं ठरवलं. भेटीवर लेख लिहायचं काम माझ्याकडे. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "गांडुळांची माती मिळते ना तिथे? येताना आण थोडी. गुलाबांना घालते." आमच्या गॅलरीत तिच्या कुंड्या होत्या. निघताना तिने एक रिकामी गोणी उलटी करून, घडी घालून, सुतळीने बांधून माझ्या पिशवीत कोंबली. मी नीट बघितलंही नाही.

वांगणी स्टेशनवरून बांधाबांधाने चालत गेलो. घराच्या पडवीत सरांच्या मित्राची बायको उभी होती, आम्ही सगळे तिला काकू आणि सरांच्या मित्राला काका म्हणायला लागलो. बाकीचे चपला काढत होते तोवर मी पुढे झालो.

"काकू, आईने थोडी माती मागितलीय. गांडुळांची."

"एवढ्या लांबनं माती मागायला आलास होय?" त्या हसल्या. "गोणी आणलीस ना? तिकडं खुंटीला अडकव. जाताना भरून देते."

पडवीच्या भिंतीला ओळीने खुंट्या होत्या आणि त्यांवर इरली टांगलेली. बांबूच्या कामट्या आणि पानांची, डोक्यापासून पाठीपर्यंत झाकणारी. शेवटच्या खुंटीला मी सुतळी अडकवली आणि बांधावर पळालो.

तिथे सरांचे मित्र बोलत होते. उंच, सावळे, हाफपँटवर, पोटऱ्यांपर्यंत चिखल.

"वांगणीपासून बारवीपर्यंत कुठल्याही घरात जा," ते म्हणाले. "दारात पाय पुसायला युरियाची गोणी. पावसात डोक्यावर युरियाची गोणी. भात भरायला ती, पोराला झोपवायला ती. माझ्या घरात एक शोधून दाखवा. भरलेली सोडा, रिकामी. म्हणून तर इरली करून घेतो अजून. लोक हसतात, हसू देत."

"शोधा रे," सर म्हणाले. "सापडली तर आज तुमची ताटं मी उचलीन."

सगळे हसले. मला खुंटीवरची गोणी आठवली. सकाळी आई घडी घालत असताना गोणीच्या विणीतून पलीकडचं हिरवं पान उलटं दिसलं होतं. वडिलांचे एक स्नेही दरवर्षी थोडा युरिया आणून द्यायचे, आई तो चिमूट चिमूट कुंड्यांना घालायची. ती त्याचीच गोणी.

मग आम्हाला चिखलात उतरवलं. ओणवं होऊन रोपं लावायची. माझ्या हातातली रोपं पाण्यावर तरंगत होती, लक्षच नव्हतं. मी बांधाकडे निघालो.

"कुठे?"

"सर, पाणी पिऊन येतो."

"पाण्यात तर उभा आहेस!"

पुन्हा हशा. थोड्या वेळाने घड्याळ काढून ठेवायचं म्हणून गेलो. पडवीत काकू आणि वाढायला आलेल्या दोन बायका बसल्या होत्या. त्यांच्यासमोर गोणी काढून पिशवीत घालावी, तर काकू विचारणार, का रे काढलीस? तसाच परतलो. नंतर पायात काटा गेल्याचं सांगून गेलो, तेव्हा काकूच सुई घेऊन पाय बघायला बसल्या. "कुठाय काटा? गेला वाटतं आपला आपण," म्हणाल्या. तेव्हाही हाताच्या अंतरावर खुंटी होती. त्या क्षणी सांगितलं असतं तर काकूंनी ती चुलीत घातली असती आणि काही झालं नसतं. हे मला तेव्हाही कळत होतं.

जेवायची हाक आली आणि पाऊस वाढला. शेतातून घरापर्यंत यायला मुलींना इरली दिली. आमच्या वर्गात एक सिंधी मुलगा होता, कापडाच्या दुकानवाल्याचा, सगळ्यांना हसवणारा. तो सगळ्यांच्या आधी पळत पडवीत गेला होता आणि आता उरलेल्यांना चिडवायला पुन्हा बाहेर आला. डोक्यावर गोणीची खोळ, एक कोपरा दुसऱ्यात खोचून केलेली.

"सर, देखो! मी शेतकरी झालो! नवा शर्ट आहे, भिगला तर पप्पा मारेंगे!"

खोळ नीट बसावी म्हणून त्याने गोणी सुलट केली होती. हिरवं पान, खाली मोठ्या अक्षरांत युरिया. शिवणीत अडकलेले पांढरे दाणे त्याच्या खांद्यावर पडत होते आणि पावसात विरघळत होते.

आधी सगळे हसले. मग एकेक करून थांबले.

सरांनी त्याच्या खांद्यावरचा एक दाणा बोटावर घेतला, चुरडला. मित्राला म्हणाले, "ही कुठून आली?"

"माझी नाही."

"तुझ्या पडवीत होती."

"सर, खुंटीपे थी," तो मुलगा म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता. "सच्ची."

"माझी नाही म्हणून सांगितलं," मित्र म्हणाले. त्यांनी बायकोकडे बघितलं. काकूंनी माझ्याकडे बघितलं. बोट दाखवलं नाही, काही नाही, फक्त बघितलं आणि थांबल्या.

आणि सर माझ्याकडे वळले. "तू सकाळपासून आतबाहेर करतोयस. तू बघितलीस ही?"

मी म्हणालो, "हो सर. सकाळपासूनच होती."

एकही शब्द खोटा नव्हता. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत होतो. त्या वेळी डोक्यात एवढंच होतं की गोणी माझी म्हटलं की उद्या वर्गात पुन्हा 'केमिकल'.

सर मित्राला हळू आवाजात म्हणाले, "माझ्या शब्दावर लोक तुझा तांदूळ खातात रे."

"तू मला विचारतोयस की सांगतोयस?"

सर पडवीच्या कडेला पावसाकडे तोंड करून उभे राहिले. जेवलेही नाहीत. आम्ही पावसाचा आवाज ऐकत जेवलो. निघताना मी सगळ्यात मागे होतो. काकूंनी हाक मारली आणि लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं जड गाठोडं माझ्या हातात दिलं.

"आईला दे. कुंडीत घालायला."

 मला अजून वाटतं, त्यांनी ते गाठोडं माझ्या डोक्यात घातलं असतं तर बरं झालं असतं.

त्या वर्षी भात निघाल्यावर हेंद्रेपाड्यातून कुणी तांदूळ घ्यायला गेलं नाही. सरांनी मित्राची बदनामी केली नाही, वर्गात विषय काढला नाही. फक्त शब्द देणं थांबवलं. माझा लेखही मागितला नाही. मी पास झालो आणि सरांच्याच ओळखीने आनंदनगरच्या एका कारखान्यात, लॅबमध्ये लागलो. आईचे गुलाब त्या वर्षी असे फुलले की शेजारी बघायला यायचे. मी गॅलरीत जायचं टाळायचो.

रविवारी मी कधी कधी वांगणीला उतरायचो. त्यांच्या शेताअलीकडच्या ओढ्यापर्यंत चालायचो, तिथे येरझाऱ्या घालायचो आणि पुढची गाडी पकडून परत. आई विचारायची, "कुठे होतास?" मी म्हणायचो, असाच. ती दर पावसाळ्यात हेही विचारायची, "ती माती पुन्हा नाही का मिळायची?"

नव्वदीचं दशक सरत आलं तेव्हा एकदा ओढा ओलांडला. वाटेवर मुंबईवाल्यांच्या फार्महाऊसची गेटं उभी राहिली होती. ते घर मात्र तसंच. पडवीत युरियाच्या भरलेल्या गोण्यांची थप्पी होती. खुंट्यांवर इरली नव्हती, गोणीच्या खोळी टांगल्या होत्या.

काकूंनी मला ओळखलं. "आईची झाडं कशी हायत?"

"काकू, ती गोणी माझी होती."

"ते मला सांगतोस? मीच नाय का खुंटी दाखवली तुला."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबले. नि तू बोललास ते भलतंच." त्या सुपातलं काहीतरी निवडत होत्या, निवडत राहिल्या. "मग मला काय सुधरंच ना. पोर खोटं बोलतंय म्हणू सरांपुढं?"

"काकांना माहीत आहे?"

"त्याच दिवशी सांगितलं. मी म्हटलं, जावा बदलापूरला, सांगा दोस्ताला. तर म्हणाले, त्यानं पोराचं ऐकलं, माझं नाय ऐकलं. आता मी नाय जायचा सांगायला." त्यांनी थप्पीकडे मान हलवली. "दोन-चार वर्सं ओढलं. व्यापारी काय, सगळ्या भाताला एकच भाव. मग टाकायला लागले हेपण."

मला बसवेना. मी पडवीत इकडून तिकडे चाललो होतो. त्या म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग? ज्याला सांगायचं त्याला सांग."

त्या संध्याकाळी मी परस्पर हेंद्रेपाड्यात गेलो. सर निवृत्त झाले होते. दारातच उभ्याने सांगून टाकलं. 

"'सकाळपासूनच होती,' म्हणाला होतास," ते म्हणाले. त्यांना शब्दन् शब्द आठवत होता. "आणि मीही केवढा शहाणा. कॉलेजातला मित्र समोर उभा, आणि मी साक्ष कुणाची काढली? तुझी." मला वाटलं आता ते जा म्हणतील. ते म्हणाले, "रविवारी सकाळी ये. एकटा मी नाही जाणार."

रविवारी आम्ही गेलो.  त्यांचे मित्र शेतात होते. बांधावर कोण उभं आहे हे त्यांना दुरूनच दिसलं असणार, पण हातातलं काम संपवूनच ते आले. पाय धुतले. पडवीत सरांच्या शेजारी बसले.

"तांदूळ मागायला आलास?"

"हो."

"तसला नाही आता माझ्याकडे. खत घालतो मी. दिसतंय ना?"

"जो आहे तो दे," सर म्हणाले.

काकू आत गेल्या आणि तांदूळ घेऊन आल्या. युरियाची धुतलेली गोणी, दुसरं काही घरात नव्हतं. काकांनी माझ्याकडे पहिल्यांदाच बघितलं. "तोंड घट्ट बांध," म्हणाले. "वाटेत सांडेल."

मी सुतळीने बांधली, खांद्यावर घेतली आणि निघालो. ओढ्यापाशी खांदा बदलायला थांबलो. मागे वळून बघितलं तर दोघं येत होते. काका स्टेशनपर्यंत पोचवायला निघाले होते. सर काहीतरी विचारत होते आणि काका हाताने शेताकडे दाखवत होते. ते माझ्यापर्यंत पोचायच्या आत मी गोणी उचलली आणि पुढे चालायला लागलो.