हळदीच्या मांडवातली लॅटिन

मी सोनूबाई, धवलारीण. चौलच्या आसपास आमच्या आगरी लोकांत लग्न म्हटलं की धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गायला मी लागतेच. मांडवात भल्याभल्यांना गप्प बसवते, पण घरात सुनेपुढे माझं काही चालत न्हाय!

नूतन, माझी सून, रोपवाटिका चालवते. रोपांच्या पाट्यांवर ती लांबलचक नावं असतात ना, ती कुठल्या भाषेतली म्हणून शोधायला गेली, नि मोबाइलवर लॅटिन शिकायलाच बसली. ती भाषा बोलणारी माणसं कधीच मेली, आणि ही माझ्या चुलीशी बसून तिची घोकंपट्टी करते! मी म्हणायची, "बोलणार कोणाशी गो? नारळीशी?" ती हसायची नि पुढचा धडा उघडायची.

यंदा मात्र अडली. आपलं जो-जी-जे, तिकडे क्वी, क्वाय, क्वोद. त्यातच तोंडी परीक्षेत नापास झाली. पुण्याच्या सत्यवतीबाई मोबाइलवरून शिकवतात. त्या म्हणाल्या, पुन्हा चुकलीस तर वर्ग पुढे जाईल, तू मागे राहशील. पोरीने जेवणाचं ताट बाजूला सारलं. मग मला कुठून राहवतंय!

"काय एवढं कठीण हाय? सांग मला."

"आई, 'मुलगी, जिला मी बघते' म्हणायचं. मुलगी म्हणून बाईचं रूप घ्यायचं, ते कळतं. पण पुढच्या वाक्यात तिचं काम काय, ते बघायला विसरते. 'जिला'च्या जागी 'जी'च येतं तोंडात."

"अगो, मग करवलीसारखंच की! कोणाची बहीण ते घरूनच ठरून येतं. पण मांडवात आली की पाणी आणायचं की दिवा धरायचा, ते मी सांगते."

नूतनला झटक्यात कळलं. मग हसत सुटली. त्या दिवसापासून तांदूळ निवडता निवडता आम्ही सगळी रूपं धवल्याच्या चालीवर बसवली.

परीक्षा आली ती नेमकी माझ्या पुतण्याच्या, जीवनच्या हळदीला. बाईंना दुसरी वेळ न्हवती. नूतन मांडवाच्या कोपऱ्यात मोबाइल नारळाला टेकवून बसली. मी धवला थांबवला, सगळ्यांना गप्प केलं. बाईंनी तेच वाक्य विचारलं, 'मुलगी, जिला मी बघते'. तिने माझ्याकडे बघितलं, आणि बोलायचं सोडून धवल्याच्या चालीत गायलाच लागली, "पुएल्ला क्वाम विदेओ..."

आमच्या बायकांची सवय अशी, की धवल्याची ओळ कानावर पडली की मागून झेलायची. अख्खा मांडव एका सुरात, "पुएल्ला क्वाम विदेओ!" अर्थ कोणाच्या बापाला ठाऊक न्हाय!

मी म्हटलं, बोंबलली परीक्षा! पण बाई तिकडे हसून हसून डोळे पुसत होत्या. "बरोबर. पण 'क्वाम' का, ते सांग." नूतनने त्यांना करवली समजावली, न अडखळता.

"पास! हे तुला शिकवलं कोणी गं?"

तिने मोबाइल उचलून माझ्याकडे वळवला. "यांनी. माझ्या आईंनी."

मला रडूच फुटलं.

पाटावरून जीवन ओरडला, "काकी, माझी हळद!"

"थांब रे मेल्या," मी म्हटलं, आणि हळदीचा हात आधी सुनेच्या गालाला लावला.