खादीच्या फडक्यातला रुपया

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण ते न घेता ही हकीकत सांगायची कशी? तर बंडोपंत म्हणजे माझे यजमान, हिंगणघाटला कापसाच्या जिनमध्ये कारकून. बोलणं मोजकं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. घरात मात्र एका गोष्टीवरून आमची कायम जुंपायची, ती म्हणजे त्यांचा काळा रुपया.

रुपया सातव्या एडवर्डचा, चांदीचा. त्यांचे काका कलकत्त्याच्या टांकसाळीत होते, त्यांनी दिलेला. तो बाजारात चालवायचा नव्हताच. नमुना म्हणून दाखवायला खास घासूनपुसून केलेल्या साच्यातून काढलेला, ‘प्रूफ’ म्हणतात तसा. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यात तोंड बघून कुंकू लावता यायचं. पुढे यांनी तो फडक्यात गुंडाळून पेटीत टाकला, पेटीची किल्ली जानव्याला बांधली, आणि रुपया काळानिळा पडत गेला. मला घरात काळं काही खपत नाही. तांब्या-पितळेला माझ्याकडे रोज चिंच आणि राख. लक्ष्मीपूजनाला तेवढा तो बाहेर यायचा, तेव्हा मी म्हणायचीच, “देवीपुढे हा टकला राजा काजळी फासूनच बसवायचा का?” एका दिवाळीत भांडी घासणारी रंभा म्हणाली, “बाई, आणा इकडं, राखेनं घासून देतो. असा काळा काऊन ठेवता?” तर हा गरीब माणूस तिच्या अंगावर धावून गेला. मला वाटलं, यांचा जीव माणसांत नाहीच, नाण्यात आहे.

तसं वाटायला कारण होतं. आमचा श्रीनिवास दहा वर्षांचा असताना मुदतीच्या तापानं गेला. मी ऊर बडवून घेतला. हे तेरावा उरकून कामावर गेले, आणि त्यानंतर पोराचं नाव त्यांनी तोंडातून काढलं नाही. ती अढी माझ्या मनातून गेली नाही.

छप्पन साली आमची मुलगी लीना मॅट्रिक झाली. तिला नागपूरला सायन्सला जायचं होतं. नागपुरात माझी बहीण इंदिरा राहते, पण तिच्याशी माझं बोलणं बंद होतं. तिच्या दारात पोरीला पाठवायची नाही, असं मी ठणकावून सांगितलं होतं. म्हणजे वसतिगृह आलं, आणि फीसकट वर्षाचे दोनशे रुपये आले. पगारात ते बसेनात. तेव्हा हे आपणहून म्हणाले, “रुपया विकू.” मी चाटच पडले.

नागपूरहून मधुकरराव आले. वकील माणूस, जुन्या नाण्यांचे शौकीन. चहा झाल्यावर त्यांनी भिंग काढलं, रुपया कडेनं धरला आणि खिडकीच्या उजेडात तिरपा केला. “वहिनी, ही काजळी नव्हे. चांदीवर वर्षानुवर्षं सावकाश चढलेला रंग आहे. कडेला सोनेरी, मग जांभळा, मग निळा. असा रंग दिसला की शौकीन माणूस चार पैसे जास्तच देतो. घासला असतात तर ओरखडे पडून प्रूफची किंमत गेली असती.” मला रंभाची राख आठवली.

मग त्यांनी रुपया उलटला आणि त्यांचं तोंड उतरलं. “मागचा रंग मात्र एकसारखा नाही. फडक्याची वीण उमटलीय, त्यामुळे प्रत उतरते. दीडशे देईन. माझ्याकडे एक औषध आहे, त्यात क्षणभर बुडवलं की दोन्हीकडचा रंग जाऊन चकाकी वर येते. मला स्वतःला ते पटत नाही, पण मुंबईचं एक गिऱ्हाईक चकाकीचेच अडीचशे मोजतं.”

“बुडवा,” हे म्हणाले. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

बुडवायच्या आधी मी भिंग मागून घेतलं, म्हटलं बघू तरी. मागच्या बाजूच्या मुकुटावर, कमळाच्या देठांवर उभ्याआडव्या रेघा होत्या. सूत कुठे जाड, कुठे केसासारखं, मध्येच गाठ. शाळेत पहिल्यांदा टकळी हातात घेतलेलं पोर असलंच सूत काढतं. मी ते फडकं उचललं. खादीचा लहानसा रुमाल होता.

“हे सूत कुणाचं?”

“श्रीनूचं,” हे म्हणाले. “शाळेत काढलेल्या सुताचा रुमाल विणून घेऊन त्यानं मला दिला होता. तो गेल्यावर तू त्याचे सगळे कपडे देऊन टाकलेस. हा मी लपवला. तुझ्या नजरेला पडला तर पुन्हा रडत बसशील म्हणून.”

इतक्या वर्षांनी त्यांच्या तोंडून ते नाव ऐकलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. या माणसाला मी दगड समजत आले होते.

मी औषधाची बाटली मधुकररावांच्या पुढ्यात सरकवली. “हे ठेवा पिशवीत. आहे तसाच न्या, दीडशेच द्या, तेवढ्यात फी भागेल. लीना इंदिरेकडे राहील.”

त्याच संध्याकाळी मी बहिणीला पत्र टाकलं.

“मी असेतो याला कुणी घासणार नाही,” असं सांगून मधुकरराव रुपया नव्या कागदात गुंडाळून घेऊन गेले. रुमाल आमच्याकडे राहिला. त्याच्या मधोमध रुपयाएवढा मळका गोल आहे. घरातली चिंधीसुद्धा मी उकळून धुते, पण त्याला अजून पाणी लावलेलं नाही.